जत्रेच्या जादा गाड्या आणि रोजची सकाळची फेरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारच्या अंकात आमच्या तालुक्यातल्या रक्तदान शिबिराची बातमी फोटोसकट आली आहे. मांडव, कूलर, बॅनरवर वाढदिवसाचे नेते आणि एका दिवसात जमलेल्या पिशव्यांचा विक्रम. फोटोत डावीकडून तिसऱ्या खाटेवर जो माणूस मूठ उघडझाप करतोय, तो आमच्या आगारातला मेकॅनिक. मी त्याला चांगली ओळखते. मागच्या वर्षी माझ्या लेकीसाठी त्याने दोन वेळा प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, दिल्यात.

योगायोग असा की मी ती बातमी वाचत होते तेव्हाच पुण्याहून एका बाईचा फोन आला. माझा नंबर तिला वॉर्डातल्या मावशींनी दिला होता. मुलगा नऊ वर्षांचा, ए पॉझिटिव्ह, प्लेटलेट अकरा हजारावर आलेल्या, दाता मिळेना. मी पेपर खाली ठेवून मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, कालच शिबिरात बाटली दिली ना." मग दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला. माझ्या वहीत तेवीस नावं आहेत. त्यातले अकरा जण त्या मांडवात जाऊन आलेले. अख्खं रक्त दिलं की पुढचे २८ दिवस प्लेटलेट देता येत नाहीत, असा नियम आहे आणि तो दात्याच्या भल्याचाच आहे. म्हणजे एका रविवारात माझी अर्धी वही महिनाभरासाठी बंद झाली. हे पत्र त्यासाठी.

मी एसटीत वाहक आहे. संगमनेर आगारात अकरा वर्षं झाली. बहुतेक ड्युटी पुण्याच्या गाडीवर, चंदनापुरीचा घाट, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, खेड, चाकण. मागच्या वर्षी फेब्रुवारीत लेक दुसरीत होती. पाय दुखतात म्हणायची. खेळून दुखत असतील म्हणून रात्री तेल चोळून द्यायचे. मग पोटऱ्यांवर निळे डाग दिसायला लागले. शाळेत कुठे पडलीस, सांगत का नाहीस, म्हणून मी तिला रागावलेही. ते आता आठवलं तरी नको वाटतं. एका रात्री नाकातून रक्त सुरू झालं ते पहाटेपर्यंत थांबलं नाही. सकाळी तालुक्याला रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ५.१ आणि प्लेटलेट ९ हजार. दीड लाखाच्या वर लागतात तिथे ९ हजार. पॅथॉलॉजीवाल्याने तो कागद आमच्या हातात दिलाच नाही, स्वतः उठून डॉक्टरांकडे घेऊन गेला. तेव्हाच मी काय ते समजले.

पुण्याला कमरेच्या हाडातून नमुना घेतला. अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांच्या कर्करोगात हाच सगळ्यात जास्त आढळतो, आणि यातून मुलं बरी होतात, हे दोन्ही डॉक्टरांनी एकाच दमात सांगितलं. मला पहिलंच ऐकू आलं. दुसरं ऐकू यायला आठवडा लागला. उपचार अडीच वर्षांचे. केमोचा बराचसा भार जनआरोग्य योजनेत उतरला, त्यामुळे पैशाचं रडगाणं मी इथे गात नाही. औषध कर्करोगाच्या पेशी मारतं, पण त्या काळात अंगात नवं रक्त तयार होणंही मंदावतं. लाल पेशी नाहीत, प्लेटलेट नाहीत. तेवढे आठवडे दुसऱ्याच्या रक्तावर काढायचे असतात.

दुसऱ्याच्या म्हणजे खरोखरच दुसऱ्याच्या. मी पहिल्याच दिवशी बाही वर करून उभी राहिले. बोटाला सुई टोचली, माझं हिमोग्लोबिन १०.४. रक्तदानाला १२.५ लागतं. आईचं रक्त घ्या म्हणायला सोपं आहे, आईच्या अंगात असलं तर ना. तिथली तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, मावशी, रोज किती बायका अशा परत जातात. (नंतर वहीसाठी आगारातल्या आम्ही आठजणी मिळून गेलो होतो, पाच जणी परत आल्या. ज्यांचा डबा रोज साडेतीनला उघडतो त्यांचं रक्त काय भरणार.) लेकीचे वडील पुढे झाले, तर डॉक्टर म्हणाले, जवळच्या नात्यातलं शक्यतो नको. नात्यातल्या पेशी एकमेकींशी मिळत्याजुळत्या असतात, मुलाचं शरीर त्या परक्या म्हणून ओळखत नाही आणि मग त्या आतून त्याच्यावरच उलटू शकतात. घ्यायचंच झालं तर पिशवीला किरणं देऊन घेतात. तर झालं असं की आई अशक्त म्हणून बाद आणि बाप बाप आहे म्हणून बाद. आम्ही दोघं पायरीवर बसलो आणि फोनमधली नावं बघू लागलो.

दवाखान्यात स्वतःचं रक्तकेंद्र नव्हतं. चिठ्ठी घेऊन बाहेरच्या रक्तकेंद्रात जायचं, पिशवी घेऊन यायचं. पहिली लाल पिशवी माझ्या दिरांनी आणली, थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटांवर ठेवून, बरोब्बर. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट आणायच्या होत्या. दाता होता नारायणगावचा एक टोमॅटोचा व्यापारी, आमच्या गाडीचा जुना प्रवासी. दीड तास मशीनवर पडून त्याने दिल्या. भाऊजींनी पिशवी घेतली, तोच थर्मोकोलचा डबा काढला, आणि ऊन फार म्हणून वाटेत रसवंतीवाल्याकडून बर्फ मागून घेतला. वर वॉर्डात सिस्टरने पिशवी हातात घेतली आणि तिचा चेहरा बदलला. "गार कशी?" भाऊजी कौतुकाने म्हणाले, "बर्फात आणली ना." लाल पेशी २ ते ६ अंशात ठेवायच्या, प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशात, फ्रीज नाही, बर्फ नाही. गारठल्या की वाया. सिस्टरने डॉक्टरांना विचारलं, मान हलली, पिशवी बाजूला गेली. चूक आमचीच. पण ती पिशवी हातात देताना एवढंच वाक्य कुणी बोललं असतं तरी पुरलं असतं. त्या रात्री रक्तकेंद्राकडच्या साध्या, म्हणजे अख्ख्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या, प्लेटलेटच्या दोन पिशव्या मिळाल्या म्हणून निभावलं. भाऊजी दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हते. त्या व्यापाऱ्याला आम्ही अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळलं तर त्यांनी माफ करावं.

प्लेटलेट कशा असतात हे मला आधी माहीतच नव्हतं. पिवळसर असतात, ताकावर निवळी चढते ना, तशा. रक्तकेंद्रात एक काचेचं कपाट असतं, त्यातल्या ट्रेवर या पिशव्या ठेवलेल्या, आणि ते ट्रे सारखे मागेपुढे हलत असतात, रात्रंदिवस. थांबले तर पेशी एकमेकींना चिकटतात. एवढं जपूनही आयुष्य पाच दिवसांचं. लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लाझ्मा गोठवून वर्षभर. आता शिबिराचं गणित लावून बघा. रविवारी मांडवात जमलेल्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट शुक्रवारपर्यंतच्या. त्यापुढच्या मंगळवारी ज्या मुलाच्या नाकातून रक्त येईल, त्याच्या वाट्याला विक्रमातलं पिवळं काही उरत नाही.

शिबिरांवर माझा राग नाही. लेकीला पाच महिन्यांत सात लाल पिशव्या लागल्या, त्या कुणाच्या तरी शिबिरातल्याच असणार. पिशवीवर नाव नसतं, नंबर असतो. पण एसटीत असल्यामुळे मला हे असं दिसतं, जत्रेला आगार पन्नास जादा गाड्या सोडतं, सगळं गाव खूश. आणि त्यासाठी सकाळची साडेसहाची फेरी रद्द केली तर कॉलेजची पोरं आणि डायलिसिसचा म्हातारा फाट्यावर उभे राहतात. त्यांची बातमी येत नाही.

लाल पिशवीला लेक "लालपरी" म्हणायची, कारण ती तीन-चार तास चालायची, सगळे थांबे घेत. प्लेटलेट अर्ध्या तासात संपायच्या, म्हणून ती "विनाथांबा". सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "आज लालपरी की विनाथांबा?" मी म्हणायचे, "रिपोर्ट येऊ दे, कंट्रोलर सांगतील." डॉक्टरांना ती कंट्रोलरच म्हणायला लागली. त्यांनीही एकदा हातातली फाइल मिटून "संगमनेर-पुणे विनाथांबा, फलाट क्रमांक तीन" अशी घोषणा केली होती. स्टिरॉइडने तिचा चेहरा भाकरीसारखा गोल झाला होता आणि रात्री दोन वाजता ती पिठलं-भात मागायची. पण केसांसाठी रडली तेवढी कशासाठीच रडली नाही.

तर वहीची गोष्ट. पहिल्या आठवड्यात मी जुन्या वेबिलाच्या, म्हणजे आमच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहायला सुरुवात केली. मग शंभर पानी वही घेतली. नाव, रक्तगट, वजन, मागच्या वेळी कधी दिलं, अख्खं दिलं की प्लेटलेट, प्लेटलेटचा आकडा किती, शीर जाड की बारीक. मशीनवर प्लेटलेट द्यायला वजन पन्नासच्या वर लागतं, आकडा दीड लाखाच्या वर, तीन दिवसांत अॅस्पिरिन घेतलेली नको, आणि दंडाची शीर चांगली ठसठशीत लागते. मशीन रक्त काढतं, फिरवतं, प्लेटलेट ठेवून घेतं आणि बाकीचं परत सोडतं. तास-दीड तास लागतो. ओठांना मुंग्या येतात, मग कॅल्शियमची गोळी देतात. बाकीचं रक्त परत अंगात जात असल्यामुळे ४८ तासांनी पुन्हा देता येतं, वर्षात चोवीस वेळांपर्यंत. नुसतं रक्त असेल तर पुरुषाने तीन महिने थांबायचं, बाईने चार. हे सगळं मला आता तिकिटाच्या टप्प्यांसारखं पाठ आहे.

आगारातले लोक ड्युट्या बदलून आले. त्यातल्या एका चालकाचं सांगायलाच हवं. सकाळची गाडी घेऊन तो वाकडेवाडीला उतरला आणि तिथून सरळ रक्तकेंद्रात गेला. फॉर्म भरला, आकडा दोन लाख ऐंशी हजार, शीर दोरीसारखी. डॉक्टरांनी व्यवसाय विचारला. एसटी चालक. परत कधी निघायचंय? चार वाजता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पन्नास माणसं घेऊन घाटातून जायचंय तुम्हाला, मी आज घेणार नाही." तो हुज्जत घालायला लागला, एवढ्याशाने काय होतंय, पोरगी तिकडे पडलीये. डॉक्टर ऐकेनात. मला फोन करून म्हणाला, "ताई, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला गाडीमुळे नाही म्हणालं." मग त्याच्या साप्ताहिक सुट्टीला तो प्रवासी म्हणून आला, खिडकीशी बसून. देऊन झाल्यावर दवाखान्याच्या बाकावर आडवा झाला तो संध्याकाळपर्यंत घोरत होता. लेकीने वरून खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, चालक काका मुक्कामी गाडीचे आहेत का.

माझ्या जागी ड्युटीवर असलेल्या वाहक मैत्रिणीने आळेफाट्याच्या पुढे एकदा चालत्या गाडीत उभं राहून विचारलं होतं, कुणी ए पॉझिटिव्ह आहे का. मंचरला कॉलेजात जाणारा एक पोरगा आपला थांबा सोडून पुण्यापर्यंत आला. काट्यावर उभं केलं, तर वजन ४८ भरलं. बिचारा एवढा लाजला. दोन महिन्यांनी त्याचा फोन, "मावशी, ५३ झालो. आता चालेल?" तो आता वहीत चौथ्या पानावर आहे.

आणखी एक गोष्ट लिहायची की नाही असं करत होते, पण लिहिते. एप्रिलच्या शेवटी लग्नसराई, कॉलेजं बंद, उन्हामुळे कुणी रक्त द्यायला तयार नाही, आणि आम्हाला एका ठिकाणी सांगण्यात आलं की बदली दाता, म्हणजे पिशवीच्या बदल्यात रक्त देणारा आपला माणूस, आणा मगच पिशवी. २००२ च्या राष्ट्रीय रक्तधोरणात बदली दात्याची पद्धत बंद करायचं म्हटलेलं आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा आम्ही गेटबाहेर चहाच्या टपरीवर उभे होतो. एक माणूस जवळ आला. "साडेतीन हजार द्या, पोरगा तयार आहे, मामा म्हणून सही करेल." लेकीच्या वडिलांचा हात खिशाकडे गेला होता, मी बघितला. त्यांना मी दोष देत नाही, त्या दिवशी आकडा सात हजार होता. मी त्या माणसाला विचारलं, पोरगा आठवड्यात किती मामा होतो? तो निघून गेला. पैसे घेऊन रक्त देणं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे आणि त्याला कारण आहे. ज्याला साडेतीन हजारांची गरज आहे, तो सहा महिन्यांपूर्वी कावीळ झाली होती असं फॉर्मवर कशाला लिहील? पण अशी माणसं गेटबाहेर उभी राहतात, कारण आत दाता नसतो. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता अकोल्याच्या मुक्कामी गाडीचा वाहक आला. त्याला कुणी बोलावलं होतं ते आजही मला माहीत नाही.

पाच महिन्यांत नऊ विनाथांबा आणि सात लालपऱ्या लागल्या. आता लेक घरच्या गोळ्यांवर आहे, महिन्यातून एकदा पुण्याला तपासणी. तिसरीत जाते. केस आले, आधी सरळ होते ते आता कुरळे आलेत. उपचार अजून वर्षभर तरी आहेत, त्यामुळे मी नवस फेडायला निघालेले नाही. मीही लोहाच्या गोळ्या, राजगिरा, खजूर असं करत करत मागच्या महिन्यात १२.७ वर आले आणि पहिल्यांदा रक्त दिलं. पन्नाशीच्या आत वजन म्हणून मशीनवर घेत नाहीत, ३५० मिलीची साधी पिशवी दिली. ती कुठे गेली ते माहीत नाही.

आयोजकांना सांगायचं ते एवढंच. शिबिर जरूर घ्या, पण तालुक्यातली सगळी मंडळं एकाच रविवारी मांडव घालू नका. आपसात तारखा वाटून घ्या. एक गट मे महिन्यात, एक दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा खरी ओढाताण असते तेव्हा. रक्तकेंद्राला आधी विचारा, तुम्हाला या आठवड्यात किती झेपेल. तेवढंच घ्या आणि बाकीच्यांना पुढची तारीख द्या. हेल्मेट, डबे, बॅगा दिल्या नाहीत तरी येणारे येतात. आणि मांडवात एक टेबल वेगळं ठेवा, त्यावर वही. जो धडधाकट आहे, पन्नासच्या वर वजनाचा, शीर जाड, त्याला तिथेच विचारा, बाबा, आज खाटेवर झोपण्यापेक्षा तुझं नाव लिहून ठेवू का? फोन आला की पुण्याला किंवा नाशिकला जायचं, दीड तास द्यायचा. फोटो निघणार नाही. विक्रमात तो मोजला जाणार नाही हे खरं, पण आयोजकांनी हवं तर वहीतली नावंही बॅनरवर मोजावीत, माझी हरकत नाही.

त्या सोमवारच्या मुलाचं विचाराल तर, वहीतल्या उरलेल्या बारा जणांतला ए पॉझिटिव्ह एकच होता, मंचरचा पोरगा. परीक्षा होती. पेपर साडेपाचला सुटला, सात वाजता तो रक्तकेंद्रात होता. रात्री अकराला पिशवी वॉर्डात पोचली. मुलाच्या आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं, बर्फ घालू नका.

पुढच्या शिबिरात कुणी टेबल ठेवणार असेल तर मी बसायला तयार आहे. वही माझी आणीन, एक कोरीही आणीन. फक्त गुरुवार धरा, माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते.

आपली,
एक एसटी वाहक, संगमनेर
(नाव व पत्ता संपादकांपाशी)